पलंगाखालची त्रेसष्ट पुस्तकं

बाई, सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवते. चार वर्षं झाली, मराठी पुस्तकांवर ब्लॉग लिहिते. सुरुवातीला वाचनालयातून आणून वाचायची आणि लिहायची, फार छान चाललं होतं. मग लोक 'अभिप्रायार्थ' म्हणून पुस्तकं द्यायला लागले. संमेलनाला गेलं की पिशवी भरून येते. परवा मोजली तर पलंगाखाली ६३ पुस्तकं निघाली, शिवाय मोबाइलवर १४ पीडीएफ. आम्ही सहा मैत्रिणी पुस्तकांवर लिहितो. दोघी बेळगावच्या, एक निपाणीची, एक चंदगडची, एक गडहिंग्लजची आणि मी. इंग्रजीत 'एआरसी ऑगस्ट' नावाचं चॅलेंज असतं, ते बघून आम्हीही ठरवलं की ऑगस्टमध्ये प्रत्येकीनं साठलेल्यातली वीस पुस्तकं वाचून त्यांवर लिहायचं. माझी चार झाली. खरं सांगायचं तर तीनच. चौथा कवितासंग्रह मी चाळीस पानांवर सोडला आणि तरी त्यावर छान छान लिहून टाकलं. त्या कवींनी तो अभिप्राय मोठ्या अक्षरांत छापून, फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलाय. गेल्या आठवड्यात बाजारात एक निवृत्त मास्तर भेटले. त्यांचं पुस्तक दीड वर्ष माझ्याकडे पडून आहे. "झालं काय वाचून आमचं?" एवढंच म्हणाले. मी भाजी न घेताच घरी आले. आता कुठलंही पुस्तक उघडलं की धडधडायला लागतं. हे सगळं बंद करून टाकू का?

– एक वाचक, तालुका खानापूर

प्रिय मुली,

बंद करू नकोस. आणि पुढच्या महिन्यात वीसच्या जागी तीस वाचून दाखवीन, असा नवा पणही करू नकोस. तुझ्या पत्रात मला सगळ्यांत जास्त लागलं ते भाजी न घेता घरी येणं. कारण तसं तोंड लपवून मीही एकदा माझ्याच घरात बसले होते.

बेळगावात २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, य. दि. फडके अध्यक्ष होते. मी तेव्हा एका पुरवणीत नव्या पुस्तकांची ओळख लिहीत होते. ते वर्षभर आणि पुढंही बरीच वर्षं आपल्या भागात कुणाचंही पुस्तक निघालं की एक प्रत माझ्या हातात यायची. त्यात एका प्राथमिक शिक्षकांचं पुस्तक होतं. कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्या शाळांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या होत्या आणि निवृत्तीच्या पैशातून ३०० प्रती छापल्या होत्या. पहिल्या पानावर निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात 'अभिप्रायार्थ सादर' असं लिहून त्यांनी पुस्तक दिलं. मी म्हटलं, "हो, पंधरा दिवसांत लिहिते."

पुस्तक बेळगावातल्या माझ्या शहापूरच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर गेलं. आपल्याकडच्या पावसाचं तुला काय सांगायचं, तू तर खानापूरची. त्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल धरते. दोन पावसाळे गेले. एक दिवस मास्तर दारात उभे. छत्री बाहेर ठेवली, आत आले, पाणी प्याले आणि संकोचून म्हणाले, "बाई, माझ्याकडं एकही प्रत उरली नाही. एका ग्रंथालयाला पाठवायची आहे. तुमची दिलीत तर बरं होईल." मी फळीवरून पुस्तक काढलं आणि ते काढतानाच हाताला कळलं. वरचे दोन फर्मे एकमेकांना चिकटून लाकडाच्या ढलपीसारखे झाले होते. जे पुस्तक एकदा उघडलं असतं तर असं चिकटलं नसतं, ते त्यांच्यासमोर तसंच्या तसं बाहेर आलं.

ते काही बोलले नाहीत. खुर्चीत बसले, खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि त्याची कड पानांमध्ये घालून एकेक पान सुटं करायला लागले. कागद फाटू नये म्हणून श्वास धरून. सोळा पानं सुटायला अर्धा तास लागला. मी समोर उभी होते, मला बसवेना. मग म्हणाले, "वाचलं नाहीत तरी चालतंय, बाई. नाही म्हणून सांगायचं होतं. ही प्रत मी दुसऱ्या कुणाला तरी दिली असती."

हे वाक्य मी तुला जसंच्या तसं देते आहे, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नाची किल्ली मला तिथं दिसते. आपण समजतो की न वाचलेलं पुस्तक म्हणजे आपल्या वाचनातली कमतरता. देणाऱ्याच्या बाजूनं बघ. आपल्या भागातली बरीच पुस्तकं लेखक पदरचे पैसे घालून काढतात, तीनशे नाहीतर पाचशे प्रतींची. प्रत्येक प्रत कुणाला दिली ते त्यांना तोंडपाठ असतं. तुझ्या पलंगाखालची प्रत दुसऱ्या एका वाचकाच्या हाती जायची अडून राहिलेली असते. तुझं देणं पुस्तकांचं नाही, उत्तराचं आहे. आणि त्रेसष्ट पुस्तकं महिन्यात वाचता येत नाहीत, पण त्रेसष्ट उत्तरं नक्की देता येतात.

आता त्या ऑगस्टच्या चॅलेंजबद्दल. एआरसी म्हणजे पुस्तक प्रकाशित होण्याआधी वाचकांना मिळणारी आगाऊ प्रत. तिकडं पुस्तकाची प्रकाशनाची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरते, शरद ऋतूत मोठी पुस्तकं येतात आणि त्या तारखेच्या आसपास अभिप्राय आला तर प्रकाशकाला उपयोग. म्हणून साठलेल्या आगाऊ प्रती ऑगस्टमध्ये उरकायच्या, याला तिथं अर्थ आहे. शिवाय तिथल्या बऱ्याच प्रती वाचकानं स्वतः मागितलेल्या असतात. नेटगॅली या आगाऊ प्रती देणाऱ्या संकेतस्थळावर तर मागितलेल्या प्रतींपैकी निदान ८० टक्क्यांवर अभिप्राय द्यावा, असं प्रमाण सांगितलेलं आहे. जे मागून घेतलं त्याचा हिशेब द्यावा, हे रास्तच आहे. तुझ्या त्रेसष्टातली तू मागितलेली किती? संमेलनाच्या मांडवात कुणीतरी पिशवीत घातलेल्या पुस्तकाला ८० टक्क्यांचं माप लावून तू स्वतःला नापास करते आहेस.

आणि महिना तरी कुठला निवडलात! ऑगस्ट म्हणजे श्रावण. नागपंचमी, सोमवार, शुक्रवार, घरात रोज काहीतरी. शाळेत पहिल्या सत्राची घाई. खानापूरला पावसात वीज गेली की कधी येईल ते देव जाणे. पाठोपाठ गणपती. आपल्या पुस्तकांना प्रकाशनाच्या तारखेची घाईही नसते. आपल्याकडे प्रत हातात येते ती प्रकाशन समारंभ झाल्यावरच. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथली संमेलनं हिवाळ्यात असतात, लेखक मंडळी एकमेकांना भेटतात ती तेव्हा. तुझी मुदत असलीच तर ती आहे. त्या मांडवात जाताना तुला मान खाली घालावी लागू नये.

मग वेळ कुठला? दसऱ्याची सुटी. महाराष्ट्रातल्या शाळांना मोठी सुटी दिवाळीत, आपल्या कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्यात. चंदगड आणि गडहिंग्लज महाराष्ट्रात, तिथल्या तुझ्या मैत्रिणी तेव्हा शाळेच्या घाईत असतील, त्यामुळे सहाजणींनी एकाच महिन्यात धावायचा हट्ट सोडा. प्रत्येकीनं आपापली सुटी धरावी.

पण सुटीच्या आधी एक काम आहे आणि ते पुस्तक न उघडता करायचं आहे. सगळी पुस्तकं पलंगाखालून काढ आणि सतरंजीवर पसर. शंभर पानी वही घे. प्रत्येक पुस्तकापुढं चार गोष्टी लिही: कुणी दिलं, कसं आलं, कधी आलं आणि तू काय कबूल केलं होतंस. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तिथं खरं लिही. "बघते" म्हणाली असशील तर बघते. "नक्की लिहिते" म्हणाली असशील तर नक्की लिहिते. काहीच बोलली नसशील तर रेघ मार. माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगतो की चौथ्या रकान्यात 'नक्की' असलेली पुस्तकं बारा-पंधराच्या वर जाणार नाहीत. छातीत धडधडतं ते त्या बारा-पंधरांमुळं. बाकीची पन्नास त्यांच्या मागं नुसती गर्दी करून उभी आहेत.

न मागता टपालानं आलेल्यांना पोच दे आणि मोकळी हो. 'साभार पोच' हा आपल्या नियतकालिकांचा जुना शब्द, मला फार आवडतो. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी, ते १८४८ सालापासूनचं आहे, मासिकांचे जुने बांधीव खंड चाळले की शेवटच्या पानांवर बारीक टायपात 'साभार पोच' सापडते. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. परीक्षण होईल न होईल, पण तुमचं पुस्तक आमच्यापर्यंत आलं, हे चारचौघांत सांगितलेलं असायचं. ही रीत तुझ्या ब्लॉगवर सुरू कर. महिन्यातून एकदा. त्यात एक वाक्य स्वतःचं घाल, म्हणजे ती नुसती यादी राहणार नाही. समजा असं: 'कवितासंग्रह, पानं ९६, किंमत १५० रुपये. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांवरच्या सात कविता यात आहेत.' एवढ्यावर निपाणीची एखादी बाई ते पुस्तक मागवील. 'वाचनीय आणि संग्राह्य' असं लिहिलंस तर कुणीही मागवणार नाही. ते एक वाक्य लिहायला पुस्तक अर्धा तास नीट चाळावं लागतं: अनुक्रमणिका, मनोगत, मधली चार पानं, शेवटची दोन. आणि चाळलं असेल तर 'चाळलं' म्हणायचं, 'वाचलं' म्हणायचं नाही.

पीडीएफचं लवकर उरकू. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौदांपैकी ज्यांना तू होकार दिला नव्हतास त्यांना आजच दोन ओळी पाठव की मोबाइलवर माझ्याकडून वाचून होत नाही, क्षमस्व. हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

'नक्की'वाल्या बारा-पंधरांतली सुटीत पाच घे. पाचच. दिवसाला एक पुस्तक असा हिशेब मांडू नकोस, वेळेचा मांड. गावात पारायण बसतं तेव्हा रोजची वेळ ठरलेली असते, रोज किती वाचायचं तेही ठरलेलं असतं आणि शेजारी दुसरंही कुणी वाचत बसलेलं असतं. म्हणून तर एरवी वर्तमानपत्रसुद्धा पुरं न वाचणारी माणसं सात दिवसांत एवढा मोठा ग्रंथ पार करतात. तूही तसंच कर. रात्री जेवणं झाल्यावर सव्वा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. हाताशी पेन्सिल ठेव. पान आवडलं की वहीत पानाचा आकडा आणि दोन शब्द. परीक्षण लिहायला बसल्यावर जी दमछाक होते ती या दोन शब्दांनी निम्म्यानं कमी होते. पुस्तक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिही, तीनशे-साडेतीनशे शब्द. आठवडा गेला की पुस्तकातली माणसं पुसट होतात आणि मग आपण 'भाषाशैली ओघवती आहे' वगैरे लिहायला लागतो. खंडेनवमीला मात्र वाचायचं नाही, त्या दिवशी पुस्तकं पूजेत.

त्या पाचांत पहिलं पुस्तक कुठलं, हे मी ठरवून देते. तो कवितासंग्रह. ज्यावर तू आधीच लिहून बसली आहेस तोच.

तुला वाटेल, ते तर झालंय, यादीतून गेलंय. नाही गेलं. बाजारातल्या मास्तरांच्या पुस्तकापेक्षा ते जास्त मागं आहे. एका माणसानं तुझे शब्द काच लावून भिंतीवर टांगलेत आणि ते शब्द त्याच्या कवितांबद्दलचे नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते दाखवतो. पानं एकेचाळीस ते शेवट शांतपणे वाच. कदाचित तिथं तुला खरोखरच्या चार चांगल्या कविता सापडतील, ज्यांचं नावही तुझ्या त्या लेखात नाही. कदाचित नाही सापडणार. जे सापडेल ते ब्लॉगवर त्याच लेखाखाली जोड आणि वर लिही की आधीचा मजकूर संग्रह पूर्ण वाचून लिहिलेला नव्हता, आता पूर्ण वाचला आहे. मग त्यांच्या घरी जाऊन तोंडानं सांग. फोनवर नको. अवघड आहे, मला माहीत आहे. ते रागावतील, किंवा गप्प बसतील. फ्रेम काढतील किंवा ठेवतील, तो त्यांचा प्रश्न. पण तुझ्या पुढच्या प्रत्येक वाक्याला वजन येईल ते तिथून. हे न करता बाकीची बासष्ट वाचलीस तरी धडधड थांबायची नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता कमकुवत पुस्तकांचं. ढिगात ती असणारच आणि ती बहुधा ओळखीच्यांचीच असतात. आपल्याकडे सगळे एकमेकांच्या आतल्या-बाहेरच्या नात्यातले. काका, मामा, शाळेतले सर, नणंदेचे सासरे. त्यांच्या पुस्तकावर काय लिहायचं? इथं मी तुला एक युक्ती सांगते, ती तुम्ही सहाजणी असल्यामुळं शक्य आहे. ढिगांची अदलाबदल करा. तुझ्या मास्तरांचं पुस्तक चंदगडच्या मैत्रिणीनं वाचावं, तिच्या मामांचं तू. तिला तुझे मास्तर बाजारात भेटणार नाहीत. ती दुबळ्या कवितेला दुबळी म्हणू शकेल आणि चांगल्या कवितेला चांगली म्हणेल तेव्हा मास्तरांनाही कळेल की हे ओळखीखातर नाही. लेखकाला आधी विचार, "तुमचं पुस्तक माझ्या मैत्रिणीकडं देऊ का? तीही लिहिते." शंभरातला एकही नाही म्हणणार नाही. सीमेपलीकडं आपलं पुस्तक जातंय याचा त्यांना आनंदच होईल. प्रती इकडून तिकडं पाठवायला पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे, १ मे २०२५ पासून सुरू झालेली, पुस्तकांसाठीच. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय त्यावरचा कर. गठ्ठा एकत्र पाठवला तर फारच स्वस्तात पडतं.

आणि चॅलेंजमध्ये गुण मोजायचेच असतील तर नियम बदला. किती पुस्तकं संपवली ते मोजू नका. किती लेखकांना उत्तर गेलं ते मोजा. पूर्ण परीक्षण हेही उत्तर, साभार पोच हेही उत्तर, मैत्रिणीकडं दिलं हेही उत्तर, आणि "माझ्याकडून होणार नाही, पुस्तक परत आणून देते" हेही उत्तरच. या मापानं तू दसऱ्यापर्यंत चाळीसच्या पुढं जाशील.

तुझ्या ढिगात कन्नड पुस्तकं आहेत का, ते तू लिहिलं नाहीस. असतीलच एक-दोन, शाळेतल्या सहकाऱ्यांपैकी कुणीतरी दिलेलं असतंच. ती मागं ढकलू नकोस. तू कन्नड शाळेत शिकलीस किंवा शिकवताना शिकलीस, रोज वाचतेस, बोलतेस. पुण्यामुंबईच्या किती परीक्षकांना ते येतं? आपल्या गल्लीत दोन्ही भाषा नांदतात, आपण कुंदा आणायला गेलो की अर्धं बोलणं कन्नडातच करतो, पण पुस्तकांच्या बाबतीत मात्र मध्ये भिंत घालून राहतो. एखाद्या चांगल्या कन्नड कथासंग्रहाची ओळख मराठीत तू करून दिलीस तर ते काम तुझ्याशिवाय फार थोड्या जणांना जमेल. मी स्वतः हे फार उशिरा सुरू केलं, त्याची हळहळ मला आजही आहे.

सीमाभागातल्या मराठी पुस्तकांबद्दलही मला हेच म्हणायचंय. १९४६ साली याच बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याच्या गोष्टी आपण दरवर्षी व्यासपीठावरून ऐकतो आणि ऐकाव्यातच. पण त्याच मांडवाच्या मागच्या टेबलावर एखादा शेतकरी आपली कादंबरी मांडून बसलेला असतो, त्याच्याकडं दिवसभरात चार माणसं थांबतात. बेळगावच्या, खानापूरच्या, निपाणीच्या लेखकाचं पुस्तक मोठ्या शहरांतल्या दुकानांपर्यंत क्वचित पोचतं. पुष्कळदा त्यावर कुणी चार ओळी लिहिल्या तर त्या तुझ्यासारख्या मुलीच्या असतात आणि दुसऱ्या कुणाच्याच नसतात. म्हणून त्या खऱ्या असायला हव्यात. खोटी स्तुती वाचून कुणी पुस्तक विकत घेतलं आणि त्याचा विरस झाला, तर तो पुढच्या वेळी आपल्या भागातलं दुसरं चांगलं पुस्तकही घेणार नाही.

एक छोटी गोष्ट. भेट मिळालेल्या पुस्तकावर लिहिताना 'हे पुस्तक लेखकाकडून भेट मिळालं' असं एक वाक्य टाकत जा. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल सोशल मीडियावर शिफारस करताना ते उघड सांगावं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांत म्हटलेलंच आहे. नियम नसता तरी सांगावंच.

राहिला नव्यानं येणाऱ्या पुस्तकांचा प्रश्न. हिवाळ्यात संमेलनं सुरू झाली की पिशवी पुन्हा भरणार. ब्लॉगवर वरच लिहून टाक की साठलेल्या पुस्तकांना उत्तरं जाईपर्यंत अभिप्रायासाठी नवं पुस्तक घेत नाही. पण मांडवात समोर पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा पुस्तक पुढं करून उभे असले की ते वाक्य तोंडातून निघत नाही. तिथं मी काय करते सांगते. मी पाकीट काढते. "आजोबा, सही करून द्या, मी विकत घेते. लिहायचं मात्र माझ्या मनावर सोडा." दीडशे-दोनशे रुपयांत दोन गोष्टी होतात. माझ्यावर देणं राहत नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी तीनशे शब्द लिहून कधी उमटवू शकले नाही. पुस्तक विकलं गेलं! फुकट वाटता वाटता त्यांची अर्धी आवृत्ती संपलेली असते. घेणं परवडणार नसेल तेव्हा पुस्तक हातात घे, तिथंच उभ्यानं एक पान वाच, त्यातली एखादी गोष्ट त्यांच्याशी बोल आणि नमस्कार करून परत दे. त्यांना राग येत नाही. मी अनेकदा बघितलंय.

पुस्तकं सतरंजीवर पसरशीलच तर आणखी एक कर. ऑक्टोबरात ऊन स्वच्छ पडायला लागलं की ओसरीत, थेट उन्हात नव्हे, दोन दिवस उघडून उभी ठेव. कसर लागलेली वेगळी काढ, नाहीतर ती सगळ्यांना लावेल. पलंगाखाली जमिनीवर पुन्हा ठेवू नकोस. विटांवर फळी टाक, भिंतीपासून चार बोटं जागा सोड, कापूर नाहीतर कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेव. वाचून झालेली शाळेच्या नाहीतर गावच्या वाचनालयाला दे, पण आधी विचारून. आणि 'सप्रेम भेट' लिहिलेलं पान असलेलं पुस्तक कधीही रद्दीत घालू नकोस. आपलं अक्षर रद्दीच्या गाड्यावर पाहिलेला एक लेखक मला माहीत आहे. त्यानं पुढं लिहिणं थांबवलं.

त्या कणकुंबीकडच्या मास्तरांचं पुढं काय झालं ते राहिलंच. पानं सुटी झाल्यावर मी म्हटलं, ही प्रत मला वाचू द्या, उद्या संध्याकाळी तुम्हाला आणून देते. रात्री बसून वाचली. ओढ्याला पाणी आलं की पलीकडची मुलं काठावर उभी राहायची आणि मास्तर अलीकडून ओरडून पाढे म्हणून घ्यायचे, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून. ते प्रकरण सुटलेल्या त्या सोळा पानांतच होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले, पुस्तक दिलं आणि पाढ्यांचं बोलले. मास्तर उठून आत गेले आणि बायकोला बाहेर घेऊन आले. म्हणाले, "बाईंनी वाचलंय बघ."

तुझी शनिवारची शाळा सकाळची असेल. दुपारी घरी आलीस की जेवून घे आणि वही काढायच्याही आधी बाजारात भेटलेल्या त्या मास्तरांना फोन कर. पुस्तक वाचलेलं नाही, हे सांग. दसऱ्याच्या सुटीत वाचणार असशील तर तसं सांग, नाहीतर परत कधी आणून देऊ ते विचार. आणि येताना त्या दिवशीची राहिलेली भाजी घेऊन ये.

तुझी,
बाई